मेनोपॉज पॅकेज: रक्त काढणाऱ्याला पाच स्टार, पॅकेजला दोन

फोंड्यातल्या एका लॅबचं मेनोपॉज पॅकेज केलं, म्हणजे पाळी जायच्या वयातल्या रक्ततपासण्या एकत्र, 2,600 रुपये. नाव लिहीत नाही, असली पॅकेजं हल्ली सगळेच विकतात.

आधी चांगलं सांगते. लॅबचा मुलगा सकाळी साडेसहाला, पाववाल्या पोदेराच्या पाठोपाठच दारात हजर, एका टोचण्यात रक्त काढलं, दुखलं पण नाही, आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाईलवर. त्यात एफएसएच (मेंदूकडून येणारं, अंडाशयाला कामाला लावणारं हॉर्मोन) 8 च्या आसपास, इस्ट्रोजेन उलट चांगलं भरपूर. फोनवर बाई म्हणाली, मॅडम सगळं नॉर्मल, मेनोपॉज बिनोपॉज काही नाही. आणि त्याच रात्री मी दोन वाजता घामाने भिजून उठले, पंखा फुल्ल, नवरा चादर डोक्यावर घेऊन झोपलेला. चवथीला नेवऱ्या तळताना तर असं झालं की गॅस तसाच टाकून बाहेर अंगणात जाऊन बसले. वय 47, पाळी कधी वीस दिवसांनी कधी दोन महिन्यांनी, आली की धो धो. हे नॉर्मल?

रिपोर्ट घेऊन गायनॅक मॅडमकडे गेले, त्यांनी तो बाजूलाच ठेवला आणि पाळीच्या तारखा विचारल्या. म्हणाल्या, या वयात अंडाशय एखाद्या महिन्यात ढिम्म बसतं, मग मेंदूकडून एफएसएच वाढतं, पुढच्या महिन्यात तेच अंडाशय जोरात काम करतं की एफएसएच खाली. म्हणजे ज्या दिवशी रक्त दिलं त्या दिवसाचा आकडा, बास. 45 च्या पुढे पाळी अशी आणि गरम वाफा येत असतील तर लक्षणांवरूनच कळतं, ही टेस्ट लागतच नाही. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र लागते, तीही काही आठवड्यांच्या अंतराने दोनदा. आणि मेनोपॉज झाला म्हणायचं ते सलग 12 महिने पाळी नाही आली की, त्यानंतर थेंबभर जरी रक्त दिसलं तरी लगेच दाखवायचं.

माझा राग वेगळाच आहे. रिपोर्टवर एफएसएचच्या चार रेंज छापल्यात, पाळीच्या कुठल्या दिवसाला किती आणि पाळी गेल्यावर किती, पण शेवटची पाळी कधी आली हे मला कोणी विचारलंच नाही, मग नॉर्मल कुठल्या रेंजने ठरवलं? केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू होत्या, तेही नाही विचारलं. त्याने थायरॉईडचे आकडे चुकू शकतात म्हणे, मॅडमनी गोळ्या थांबवून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची टेस्ट, परत करायला लावली. थायरॉईडनेसुद्धा धडधड, घाम, चिडचिड होते ना.

कामाचं निघालं ते एकच, हिमोग्लोबिन कमी, 9.1. तेवढीच टेस्ट सुटी केली असती तर पॅकेजच्या दहाव्या हिश्श्यात झाली असती. आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, सोनोग्राफी पुढच्या आठवड्यात. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन परत बघायचंय, तेव्हा त्याच मुलाला बोलवेन, हात खरंच हलका आहे त्याचा.