एअरपॉड्स प्रो २ : आयफोन असेल तरच घ्या

ॲपलचे हे बिनवायरचे इअरबड्स आठ महिने झाले वापरतोय. केसचं झाकण उघडलं की फोनच्या स्क्रीनवर जोडणीचं कार्ड येतं, एक टॅप केलं की जोडणी झाली, मग आयपॅडवर काही लावलं की आवाज आपोआप तिकडे. ही करामत बड्समधल्या एच२ चिपची आणि आयक्लाउडची, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन खात्याची. २०१६ ला पहिल्या एअरपॉड्समध्ये डब्ल्यू१ चिप टाकली तेव्हापासून ॲपलचं हेच चाललंय, चिप पण आपली फोन पण आपला, आणि त्याच वर्षी आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक उडवला, हा काय योगायोग नाही राव!

बायकोच्या अँड्रॉइडला जोडले तर नुसते ब्लूटूथ इअरबड्स, ते कार्ड नाही की काही नाही, बडची दांडी दाबून धरली की नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा आवाज दाबणं) चालू होतं तेवढंच. सॅमसंग तरी कुठे वेगळं, गॅलेक्सी बड्सचा त्यांचा स्वतःचा कोडेक (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची पद्धत) त्यांच्याच फोनवर चालतो.

माझे आधीचे बाराशेवाले, नाव नको, डावा बड चार्जच व्हायचा नाही, रोज रात्री पिना कापसाने पुसत बसायचो. त्यामानाने हे सुख. लोकलमध्ये गाडीची घरघर गायब होते, शेजारच्याची फोनवरची बडबड मात्र थोडी येतेच. किंमत जबर आहे, ऑफरमध्येच घ्या.