बाळाचा डिजिटल वजनकाटा: पाच महिने वापरून झाल्यावर

पोरगी झाली तेव्हा 2.8 किलोची. चौथ्या दिवशी 2.6 भरली आणि घरात सगळ्यांची तोंडं उतरली, आई तर म्हणायला लागली दूध पुरत नाही, वरचं सुरू करा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं पहिल्या आठवड्यात एवढी घट होतेच, दहा-पंधरा दिवसांत भरून निघते, आणि तसंच झालं पण तोवर माझा जीव टांगणीला, म्हणून दसरा चौकाजवळच्या एका सर्जिकल दुकानातनं हा ट्रेवाला काटा आणला, 1,850 ला.

काटा भारी आहे. 10 ग्रॅमचा फरक दाखवतो, पोरगी हातपाय झाडत असली तरी होल्ड दाबलं की आकडा थांबतो, आधी दुपटं ठेवून झिरो करता येतं, नाहीतर गार ट्रेवर ठेवलं की रडून घर डोक्यावर घेते. खरा आहे का बघायला एक लिटर दुधाची पिशवी ठेवली तर 1,030 ग्रॅम दाखवलं. भाऊ म्हणाला बिघडलाय, परत देऊन ये, पण दूध पाण्यापेक्षा जडच असतंय, म्हणजे काटा बरोबर होता.

फक्त माझ्यासारखं रोज सकाळ-संध्याकाळ वजन करू नका. पाजलं की वाढतं, शी झाली की उतरतं, नुसता जिवाला घोर. त्यात एका दवाखान्यात कपड्या-डायपरसकट वजन घेतलं, तो आकडा घरच्याशी जुळेना, दोन रात्री झोप नाही. शेवटी अंगणवाडीच्या ताईंनी समजावलं, काटा एकच ठेवा, आठवड्यातनं एकदा, आंघोळीआधी उघडं करून, आणि बाळाच्या कार्डावरच्या वजनवाढीच्या गुलाबी तक्त्यावर टिंब द्या, तो मुलींचा, मुलग्यांचा निळा असतो. तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मापांवरचा, सहा देशांतली आईच्या दुधावरची बाळं मोजून केलेला, त्यात आपल्या भारतातलीपण होती.

आता पाच महिन्याला 6.1 किलो, जन्माच्या दुपटीपेक्षा जास्तच. मधल्या रेषेच्या खाली आहे पण पहिल्यापासनं त्याच वाटेनं वर चाललीय. ताई म्हणतात रेघ आडवी झाली नाहीतर खाली वळली तर लगेच दाखवा, नुसती खाली आहे म्हणून घाबरू नका. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तुलना करून बाळंतिणीचं काळीज जाळू नका, हे अगदी मनापासनं सांगतोय.

काट्यासोबत आलेली उंचीची टेप मात्र कामाची नाही. दोन वर्षांपर्यंत लांबी बाळाला फळीवर झोपवून, डोकं टेकवून, पाय सरळ धरून मोजतात, दोन माणसं लागतात, ते अंगणवाडीतच करून घ्या. आणि काटा घेताना दुधाची पिशवी सोबत न्या, दुकानातच ठेवून बघा.