खाऱ्या हवेतली ५० मीटरची पॉइंट टू-टू मॅच रायफल: दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव

बॅरलची लांबी, ट्रिगरचे टप्पे, ८ किलोची वजनमर्यादा हे खरेदीला निघालेल्याला पाठ असतंच, म्हणून ते इथे नाही. रायफल अक्रोडाच्या लाकडी स्टॉकची (म्हणजे दस्त्याची), सिंगल शॉट, बोल्ट अ‍ॅक्शन. प्रोन (आडवं पडून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून) नेमबाजीसाठीची. मुक्काम रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. स्पर्धा आणि बराचसा सराव घाटावर, पुण्याच्या बालेवाडीला. हे मुद्दाम सांगितलं, कारण पुढची सगळी कटकट या दोन ठिकाणांच्या हवेतल्या फरकातून आली आहे.

गोळ्या टार्गेटवर फाकायला लागल्या म्हणून रायफल दाखवली. लिहायला कारण झालं ते दुरुस्तीवाल्याचं उत्तर: "बॅरल गेलंय, बदलावं लागेल." बॅरल गेलेलं नव्हतं. अ‍ॅक्शनला (बोल्ट आणि चेंबर असलेल्या लोखंडी भागाला) स्टॉकशी धरून ठेवणारे दोन स्क्रू सैल झाले होते. टॉर्क पाना (स्क्रू किती आवळला ते मोजणारा पाना) न लावता एवढ्या खर्चाचा सल्ला दिला गेला, याचा राग अजून आहे.

मृगाचा पाऊस लागला की घरातलं सागवानी दार चौकटीत अडकतं आणि दिवाळीनंतर आपोआप मोकळं होतं. कोकणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. अक्रोडाचा स्टॉक हेच करतो, फक्त मिलिमीटरच्या अंशात. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि स्क्रूवरचा ताण वाढतो. ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) घट्टच राहतो, पण नेम वर किंवा खाली सरकतो. डिसेंबरात तीच रायफल पुण्याच्या कोरड्या हवेत आठवडाभर राहिली की लाकूड आक्रसतं आणि स्क्रू ढिले पडतात. सहा मिलिमीटर जाडीच्या (M6) स्क्रूची एक फेरी म्हणजे एक मिलिमीटर. लाकूड पाव मिलिमीटर बसलं की पाव फेरीइतका ताण गेला. मग अ‍ॅक्शन दर शॉटला किंचित वेगळ्या जागी बसते आणि ग्रुप चारी बाजूंनी उघडतो.

"किंचित" इथे किती महागात पडतं ते बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिमी, गोळी ५.६ मिमी. वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतो, म्हणजे बाहेरच्या कडा धरून ग्रुप २१.६ मिमीच्या आत आणि नेम बरोबर मध्यावर असेल तरच सगळे दहा. काडतुसांचा चांगला लॉट असताना १०-शॉट ग्रुप १३-१४ मिमी येत होता. स्क्रू ढिले झाल्यावर तोच २४-२५ वर गेला.

पहिल्या पावसाळ्यानंतर हे लिहिलं असतं तर बॅरलला नावं ठेवली असती. त्याआधी दोष काडतुसांना दिला होता आणि दोन वेगळ्या लॉटची पाकिटं उगाच संपवली. ते मत आता साफ बदललं आहे. बॅरल उत्तम आहे. ग्रुप बिघडला की पहिला हात स्क्रूला लावा, मग डायोप्टरच्या (नेम धरायच्या मागच्या बारीक भोकाच्या साइटच्या) बैठकीला, मग काडतुसाला, आणि अगदी शेवटी बॅरलला.

टॉर्क पाना महागडा लागत नाही. सायकलच्या कार्बन हँडलसाठी येणारा, २ ते १० न्यूटन मीटरचा पाना चालतो. फक्त अ‍ॅलन बिट स्क्रूच्या मापाचं नेमकं हवं, सैल बिटाने डोकं खराब होतं. चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट काढा, रायफल बटवर उभी धरा, म्हणजे अ‍ॅक्शन स्वतःच्या वजनाने मागे टेकते. पुढचा स्क्रू २ वर, मागचा २ वर, मग आळीपाळीने अर्ध्या-अर्ध्या न्यूटन मीटरने चढत जा. बनवणाऱ्याने दिलेला आकडा ओलांडू नका. लाकडी स्टॉकला बहुधा ४ ते ६ च्या दरम्यान असतो. त्या हद्दीत ४, ४.५, ५, ५.५ अशा पायऱ्यांवर प्रत्येकी १० शॉटचे दोन ग्रुप टेकूवरून मारून बघा. या रायफलला ५ मानवला. शेवटी स्क्रूचं डोकं आणि स्टॉक यांवरून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. लाकूड बसलं असेल तर मात्र रेघ जशीच्या तशी राहते आणि ताण गेलेला असतो, म्हणून पाना लावल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

कायमचा इलाज म्हणजे पिलर बेडिंग. स्क्रूच्या भोकात अ‍ॅल्युमिनियमची नळी इपॉक्सीने बसवतात, म्हणजे स्क्रूचा ताण धातूवर येतो, लाकडावर नाही. नळीचं भोक स्क्रूपेक्षा एखाद मिलिमीटर मोठं हवं. स्क्रू आतून घासला तर केलेलं काम वाया. अ‍ॅक्शनला मेणाचा हात नीट द्यायला सांगा, नाहीतर इपॉक्सी तिलाच धरून बसतं. काम परवानाधारक गनस्मिथकडूनच करून घ्या. आमचा स्टॉक उघडला तेव्हा पुढच्या स्क्रूच्या वॉशरखाली लाकडात बांगडीसारखा गोल खड्डा पडला होता, नख अडकेल इतका खोल. इतके महिने आपण स्क्रू आवळत नव्हतो, लाकूड चेपत होतो.

आता गंज. परदेशात सांगतात की रायफल केसमध्ये ठेवा. इथे केसच घात करते. अंड्याच्या ट्रेसारखा उंचसखल फोम ओल धरतो आणि जिथे टेकतो तिथेच लोखंडाला खातो. ऑगस्टात केस उघडली तर बॅरलवर तीन-तीन सेंटीमीटरवर तांबूस ठिपक्यांची रांग होती, फोमच्या उंचवट्यांशी तंतोतंत जुळणारी. केस फक्त प्रवासाला वापरा. घरी कपाटात उभी ठेवा, आत आर्द्रतामापक आणि सिलिका जेल. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरा, नवीन घ्यायची गरज नाही. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखली की पुरे. फार कोरडं केलंत तर स्टॉकचं दुखणं परत सुरू.

एसी डब्यातून किंवा गाडीतून उतरल्यावर केस लगेच उघडू नका. थंड लोखंडावर दमट हवेचं दव धरतं, बॅरलच्या आतसुद्धा. तासभर बंद राहू द्या. गंज आधी मझलच्या, म्हणजे बॅरलच्या तोंडाच्या कडेला, डायोप्टरच्या रेलखाली आणि स्टॉकच्या आत दडलेल्या बॅरलवर शोधा. मझलची कड सगळ्यात नाजूक, गोळी शेवटची तिलाच स्पर्श करते.

मिसफायरचा (काडतूस न उडण्याचा) त्रास जुलैत आला. काडतुसाच्या कडेवर फायरिंग पिनची खूण उथळ दिसली तर बोल्टमधलं ग्रीस आळलेलं असण्याची शक्यता मोठी. बोल्ट उघडून ग्रीस पूर्ण धुवा, पिनला पातळ तेलाचा एकच थेंब. तरीही खूण उथळ असेल तर बहुधा स्प्रिंग थकली आहे. तेलाने भरलेल्या बॅरलमधून पहिले शॉट कधीच जागेवर जात नाहीत. बॅरलमधून दोन कोरडे पॅच (कापडाचे तुकडे) ओढा आणि १०-१५ शॉट बसवणीचे धरा.

ट्रिगर आणि डायोप्टर, दोन्हींबद्दल तक्रार शून्य.

स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ आणल्यापासून किनाऱ्यावरची मुलं कुठली रायफल घ्यायची ते विचारतात. अ‍ॅल्युमिनियम स्टॉक परवडत असेल तर तोच घ्या. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शूट्झ तिघांकडे आहे. तो फुगत नाही. फक्त स्टीलचा स्क्रू जिथे बसतो तिथे खाऱ्या ओलीने पांढरी भुकटी धरते, म्हणून आट्यांना ग्रीसचा हलका हात द्या, आणि टॉर्कचा आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असेल तर थोडा कमी ठेवा. जुनी लाकडी रायफल स्वस्तात मिळत असेल तर विकणाऱ्यासमोर दोन्ही स्क्रू सोडून वॉशरखालचं लाकूड बघा आणि बेडिंगचा खर्च किमतीतून वजा करा. ३०० मीटरच्या बिग बोअर (मोठ्या काडतुसाच्या) रायफलचा मोह सध्या बाजूला ठेवा, तेवढी लांब रेंज जवळपास नसताना सराव होणारच नाही.

दुसऱ्या पावसाळ्यानंतरची नोंद: पिलर बसवल्यापासून जून ते सप्टेंबर पाना ५ वरच बोलतो. बालेवाडीला नेल्यावर ४.८. डायोप्टरला दोन क्लिकच्या वर हात लावावा लागलेला नाही. बटप्लेटचं (खांद्याला टेकणाऱ्या भागाचं) रबर मात्र चिकट व्हायला लागलं आहे.