कड्यावर काय उभं करायचं: साधा ट्रायपॉड की सुट्या भागांची फ्रेम?

दोराने माणसं वर काढणाऱ्या बचाव टीमसाठी, रोप उंचावरून सोडायला एकच उंच आधार घ्यायचा आहे आणि निवड दोन गोष्टींवर येऊन अडली आहे, असं धरून लिहितोय. एक म्हणजे एकात एक सरकणाऱ्या पायांचा, ॲल्युमिनियमचा साधा ट्रायपॉड. दुसरी म्हणजे ॲरिझोना व्होर्टेक्स किंवा टेराडॅप्टर या जातीची सुट्या भागांची फ्रेम. तिचं डोकं, पाय आणि पंजे वेगवेगळे असतात. पिना घालून तीन पायांवर, दोन पायांवर किंवा एकाच खांबावर उभी करता येते. मजबुतीचे आकडे माहितीपत्रकात मिळतील, ते इथे देत नाही. दोन्ही हाताळून झाल्यावर मी कुठे झुकलो आणि का, एवढंच सांगतो.

ट्रायपॉडची बाजू आधी, कारण ती खरंच भक्कम आहे. विहीर, टाकी, मॅनहोल, म्हणजे जमिनीत भोक आणि माणूस त्याच्या तळाशी, असं काम असेल तर ट्रायपॉडला तोड नाही. पाय उघडा, ते फाकू नयेत म्हणून साखळी लावा, विंच (रोप गुंडाळून भार ओढणारं यंत्र) एका पायावर अडकवा, झालं. नवख्या माणसालाही एका दुपारी शिकवता येतं. रोप डोक्यावरच्या पुलीवरून पायालगत खाली विंचकडे येतो, त्यामुळे सगळा जोर तीन पायांच्या आतच राहतो.

फक्त घेताना त्यावरची पट्टी वाचा. युरोपियन ‘ईएन ७९५’ मानकाची २०१२ ची आवृत्ती एका वेळी एकाच माणसाच्या आधारापुरती आहे. एकाहून जास्त माणसांसाठी २०१३ चं ‘सीईएन/टीएस १६४१५’ वेगळं आहे. बचावात दोन माणसं, स्ट्रेचर आणि साहित्य मिळून २०० ते २८० किलो धरतात. एका माणसाचं चित्र छापलेल्या ट्रायपॉडवर हे सगळं टांगायचं का, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारलेला बरा.

आता तोच ट्रायपॉड कड्याच्या धारेवर न्या. पहिली अडचण भूमितीची. ट्रायपॉडचं डोकं त्याच्या तीन पायांच्या मधोमध असतं, आणि आपल्याला ते धारेच्या बाहेर हवं असतं. शिवाय इथे रोप पायालगत उतरत नाही, मागच्या अँकरकडे, म्हणजे तो जिथे पक्का बांधलेला असतो तिकडे जातो. पुलीवरचा एकत्रित जोर रोपाच्या दोन बाजूंमधला कोन दुभागतो. भार सरळ खाली आणि रोप सरळ मागे, म्हणजे ९० अंशांचा कोन असेल, तर भाराच्या १.४ पट जोर ४५ अंशांत मागे झुकतो. डोकं २.१ मीटरवर असेल तर ती रेघ जमिनीला २.१ मीटर मागे टेकते. साध्या ट्रायपॉडचे पाय तिथवर पोचतच नाहीत. पुढचा भाग उचलला जातो आणि अख्खा ट्रायपॉड ओढणाऱ्यांच्या अंगावर यायला बघतो. पायापाशी आणखी एक पुली लावून रोप खाली वळवला की हे सुटतं, पण घर्षण वाढतं आणि डोक्यावरचा जोर भाराच्या दुपटीकडे जातो. जमतं, नाही असं नाही.

मला खरा वैताग दिला तो मागच्या पायाने. कड्यावर ट्रायपॉड लावताना दोन पाय धारेकडे आणि एक मागे ठेवावा लागतो. स्ट्रेचर वर येतं, पुढच्या दोन पायांमधून आत घेतलं जातं आणि नेमका समोर हा तिसरा पाय उभा. मग चार माणसं धारेपाशी वाकून स्ट्रेचर तिरकं करतात, एका बाजूने काढायचा प्रयत्न करतात, तोवर मागचं टोक पाय फाकू नयेत म्हणून बांधलेल्या पट्ट्यात अडकतं. सोबत आलेला बचावकर्ता अजून हवेतच, त्याला पाय टेकायला जागा याच गर्दीत शोधायची. वर येताना सगळ्यात नाजूक क्षण धार ओलांडण्याचा असतो आणि नेमका तिथेच अडथळा आपण स्वतः आणून ठेवलेला असतो. त्यातून स्ट्रेचर ज्या पट्ट्यांनी टांगतात ती झोळीच सुमारे मीटरभर उंची खाते. वर पुली आणि गाठी. सात फुटी ट्रायपॉडखाली स्ट्रेचर धारेच्या वर जेमतेम निघतं. तिरकं करायला मोकळीक उरत नाही. सरावात हे पुन्हा पुन्हा झालं आणि माझा कल तिथेच ठरला.

सुट्या भागांची फ्रेम दोन पायांवर उभी केली की ती ए-फ्रेम. तिच्यात हा पायच नाही. पाय धारेच्या आत पक्क्या जमिनीवर, डोकं पुढे झुकून धारेबाहेर, आणि मागे फक्त तणावे, म्हणजे तिला ताणून धरणारे दोर. दोन तणावे मागे दोन बाजूंना फाकवले की मधली वाट मोकळी राहते. स्ट्रेचर सरळ आत येतं आणि लोक ते उचलून चालू पडतात. वर ज्या झुकावाने ट्रायपॉडला त्रास दिला, तोच इथे कामाला येतो. भार खाली आणि रोप ४५ अंशांत मागे उतरत असेल तर जोर सुमारे साडेबावीस अंश मागे झुकतो. डोकं अडीच मीटरवर असेल तर ते पायांच्या मीटरभर पुढे काढता येतं आणि जोर थेट पायांतून जमिनीत जातो. प्रत्यक्षात फ्रेम त्याहून किंचित जास्त पुढे कलती ठेवतो, म्हणजे मागचे तणावे कायम ताठ राहतात. मागे पडू नये म्हणून पुढच्या बाजूचा बांधही लागतोच, तो विसरून चालत नाही.

याची किंमत मोजावी लागते. अख्खा संच तीस किलोच्या वर जातो, म्हणजे डोंगर चढताना तो दोघा-तिघांच्या पाठीवर वाटावा लागतो. पिना मोजून न्यायच्या आणि मोजून आणायच्या. तणाव्यांना अँकर हवेत. उघड्या कातळावर ते शोधण्यातच वेळ जातो. आणि ट्रायपॉड चुकीचा लावला तरी निदान उभा दिसतो, ए-फ्रेम तणाव्यांशिवाय उभीच राहत नाही. मला यात तिचा प्रामाणिकपणा दिसतो, पण वर्षातून एकदाच सराव करणाऱ्या टीमला ती जड जाईल, हे मान्य. भार आडवा झुलला तर तिच्याकडे सतत लक्ष देणारा एक माणूस हवाच.

तुमची बहुतेक बोलावणी टाक्या आणि विहिरींची असतील तर साधा ट्रायपॉड घ्या, माझं मन त्यात आडवं येऊ देऊ नका. कडे, पूल आणि घळी असतील तर मात्र मी सुट्या भागांच्या फ्रेमकडेच हात करेन. भोकावर लावायची वेळ आली तर तिचाही ट्रायपॉड होतो. उलटं शक्य नाही.

कुठलंही घेण्याआधी विक्रेत्याला एकच विनंती करा: ते अंगणात उभं करू द्या. मग एक माणूस स्ट्रेचरमध्ये झोपवून ते चौघांनी पायांमधून आरपार न्या. कुणाला कुठे वाकावं लागतं, तेवढंच पाहा.