बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.: नागपूर विद्यापीठ की जॅम?

नागपुरात हा प्रश्न बहुतेकांना उन्हाळी परीक्षेच्या धामधुमीत पडतो, आणि तोवर जॅमचा विषय संपलेला असतो. आयआयटीची ही एम.एस्सी. प्रवेशपरीक्षा फेब्रुवारीत होते आणि तिचे फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरले जातात, म्हणजे तुम्ही पाचव्या सेमिस्टरला असता तेव्हा. विद्यापीठाचं गाडं उलट्या क्रमाने चालतं: आधी सहाव्या सेमिस्टरची परीक्षा, मग निकाल, मग पदव्युत्तरची नोंदणी आणि गुणवत्ता यादी. त्यामुळे मन नागपूरकडे झुकत असलं तरी सप्टेंबरात जॅमचा फॉर्म भरून ठेवावा. २०२५ साली खुल्या वर्गाला एका पेपरचे १,८०० रुपये पडले, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना ९००. परीक्षा केंद्र नागपुरातच मिळू शकतं.

पण जॅम सगळ्यांसाठी नाही. पेपर सातच: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, गणितीय संख्याशास्त्र, भूशास्त्र, अर्थशास्त्र आणि बायोटेक्नॉलॉजी. बॉटनी, झूलॉजी, मायक्रोबायोलॉजीवाल्यांना त्यांच्या विषयाचा पेपरच नाही. फार तर बायोटेक देऊन बघता येईल. त्यांनी सीयूईटी-पीजीकडे वळावं. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश तिच्यामार्फत होतात. ७५ प्रश्न, ३०० गुण, चुकलं की एक गुण वजा. गेली दोन-तीन वर्षं ती मार्चमध्ये होते, म्हणजे तिचा फॉर्मही हिवाळ्यातच भरावा लागतो.

आता तुलना. विद्यापीठात विज्ञानाच्या जागा मुख्यतः पदवीच्या गुणांवर भरतात. तीन वर्षं नेटाने अभ्यास करून सीजीपीए राखलेल्या मुलीला ही पद्धत न्याय देते. जॅमला त्या सीजीपीएशी देणंघेणं नसतं. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, आणि त्या दिवशी जमलं ते जमलं. आपल्याकडे पेपरात प्रश्नाचं उत्तर पानभर लिहायची सवय. जॅममध्ये एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेले आणि थेट आकडा भरायचे प्रश्न येतात. कॉलेजात पहिला आलेला मुलगा तिथे अडखळला म्हणून तो कच्चा ठरत नाही, पण त्याने निदान सहा महिने जुने पेपर सोडवलेले हवेत.

जॅम म्हणजे नागपूर सोडणं, हा समजही अर्धाच खरा. व्हीएनआयटी या नागपुरातल्या केंद्रीय संस्थेतल्या भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणिताच्या एम.एस्सी.च्या जागा जॅमच्या गुणांवर, सीसीएमएन या सामाईक समुपदेशनातून भरतात. घरी राहून, अंबाझरीच्या बाजूला शिकायचं असेल तर तिथेही जॅमच लागते!

विषयानुसार माझं मत वेगवेगळं आहे. भूशास्त्र घेणाऱ्याने नागपूर सोडण्याआधी दहादा विचार करावा. इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, मँगनीज काढणारी मॉइल आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स यांची मुख्यालयं इथे, जिऑलॉजिकल सर्व्हेचं मध्य विभागाचं कार्यालय इथे, आणि मँगनीज-कोळशाच्या खाणी एका दिवसात जाऊन येण्याजोग्या. प्रोजेक्टला एवढं हाताशी असणं फार थोड्या शहरांत घडतं. पर्यावरणशास्त्राला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, वनस्पतिशास्त्राला कापूस संशोधन संस्था. अर्थात प्रोजेक्ट आपोआप मिळत नाही, विभागातल्या कुणाचे तरी तिथे संबंध असावे लागतात. अमरावती रोडवरच्या विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये जाऊन दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एवढंच विचारा: गेल्या वर्षी प्रोजेक्ट कुठे केले? विभागाची खरी पत त्यातून कळते. शासकीय विज्ञान संस्थेतही हेच विचारा. १९०६ सालची ती संस्था नावाजलेली आहे, पण तुम्हाला हवी ती स्पेशलायझेशनची बॅच यंदा आहे का, हे नावावरून कळत नाही.

गणित आणि भौतिकशास्त्राला मात्र मी जॅमच्या बाजूने. पुढे पीएच.डी. करायची असेल तर आयआयटीतल्या दोन वर्षांत ज्यांच्यासोबत तुम्ही बसता, त्यांचाच फरक पडतो. रसायनशास्त्राचं मधलं आहे: बुटीबोरीकडच्या कारखान्यांतल्या नोकरीवर डोळा असेल तर विद्यापीठ चालेल, संशोधन करायचं असेल तर बाहेर जावं.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त घोळ होतो. राज्याचं नॉन-क्रिमिलेअर केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षातला ओबीसी दाखला वेगळा काढावा लागतो. सेतूत अर्ज देतानाच ‘केंद्राचा’ असं सांगा, नाहीतर राज्याचाच हातात पडेल. विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजा-भज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) या वर्गवाऱ्या केंद्राकडे नाहीत. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण आपली आहे का हे यादीत शोधून पाहा. एसईबीसीचा, म्हणजे मराठा आरक्षणाचा, दाखला तिथे लागू होत नाही. राज्याबाहेर गेल्यावर महाडीबीटीच्या शिष्यवृत्ती योजना जशाच्या तशा मिळतील, असंही धरून चालू नका. इथे राहिलात तर जात वैधता आधी लागते, आणि समितीकडचं प्रकरण लांबलं तर प्रवेशाच्या यादीत नाव असूनही जीव टांगणीला लागतो.

जॅमची सीट मिळाली तरी विद्यापीठाचा फॉर्म भरा. बाहेरच्या संस्था अंतिम गुणपत्रिका ठरलेल्या तारखेच्या आत मागतात आणि उन्हाळी परीक्षेचा निकाल कधी लागेल याचा भरवसा नसतो. मूळ टीसी मात्र जागा पक्की होईपर्यंत कुठेच जमा करू नका. एकदा जमा केली की ती परत मिळवायला अर्ज, सही आणि शिक्का यांच्या मागे फिरावं लागतं, आणि तेवढ्यात पुढची फेरी निघून जाते.