खंडणी, उतारशाळा आणि एक रुपया: आर.व्ही. मराठी बायबल रोजच्या वाचनात

हे बायबल घ्यायच्या आधी दुकानात उभ्या उभ्याच मार्क १०:४५ (मार्क या पुस्तकाचा दहावा अध्याय, पंचेचाळिसावं वचन) काढून वाचावं. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, आपला जीव 'खंडणी' म्हणून द्यायला आला, असं तिथे छापलंय. ठाण्यात खंडणी म्हटलं की बिल्डरला आलेला फोन आठवतो. नव्या वाचकाची गाडी इथेच रुळावरून घसरते. मूळ ग्रीक शब्द 'लुत्रोन' म्हणजे गुलाम किंवा कैदी सोडवायला मोजलेली रक्कम. ती कुणाला मोजली हे वचन सांगतच नाही. कुणी मोजली आणि कोण सुटलं, एवढंच सांगतं. समासात पेन्सिलीनं 'सोडवणुकीची किंमत' असं लिहून ठेवलं की काम भागतं.

बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या 'पवित्र शास्त्र'चा आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन, म्हणजे सुधारित भाषांतर) हा पाठ असा आहे. शब्द जुने, वाक्यं लांब, पण ठेका असा की दोनतीनदा मोठ्यानं वाचलं की वचन तोंडी बसतं. योहान ३:१६ मधलं 'अशासाठी की' आज कुणी बोलत नाही, तरी एकदा ऐकलं की कानातून जात नाही. मराठी उपासनेत प्रार्थना आणि संदेश या भाषेत होतात, म्हणून घरातही हीच प्रत असलेली बरी. मात्र घरात पहिल्यांदाच बायबल येत असेल तर एकटी हीच प्रत पुरत नाही.

विकत घेताना आधी बांधणी पाहावी. पुस्तक मधोमध उघडून कण्याच्या वरच्या टोकाकडे बघा. दुमडलेल्या पानांचे छोटे छोटे गठ्ठे दिसले तर ती शिवलेली, जुजबंदीची प्रत. सगळी पानं सरळ कापून डिंकात बसवली असतील तर रोजच्या उघडझापीत शुभवर्तमानांची (येशूची हकीकत सांगणाऱ्या मत्तय, मार्क, लूक, योहान या चार पुस्तकांची) पानं सगळ्यात आधी सुटतात, कारण पुस्तक तिथेच जास्त उघडतं. मग अक्षर. खिशातली प्रत हातात छान वाटते, पण घरातल्या आजीला ट्यूबलाइटखाली ती वाचता येत नाही. आजी वाचणार असेल तर मोठ्या टाइपाचीच घ्या, जड झाली तरी चालेल.

कॅथलिक घरात भेट द्यायची असेल तर एक गोष्ट आधी विचारून घ्यावी. या पाठाच्या नेहमीच्या प्रतीत ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये मिस्साला जाणाऱ्यानं टोबीत किंवा मक्काबी ही पुस्तकं शोधली तर इथे सापडणार नाहीत. चारही शुभवर्तमानं मात्र दोन्हीकडे तीच.

आता मुख्य मुद्दा. सुवार्ता, म्हणजेच शुभवर्तमान, ही बातमी आहे. झालेल्या गोष्टीची बातमी. उपदेशांची यादी नव्हे. रोजच्या वाचनासाठी प्रत कशी आहे हे त्यावरच ठरवावं: बातमी आधी ऐकू येते की नियम? या कसोटीला हा पाठ कुठे चढतो, कुठे पडतो, ते तीन उताऱ्यांत दिसतं.

लूक १९. जक्कय जकातदार उंबराच्या झाडावर चढलाय आणि येशू खालून म्हणतो, आज मला तुझ्या घरी 'उतरायचे' आहे. इथे हा पाठ फार सुरेख. पाहुणा उतरतो, मुक्कामाला येतो, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. शिवाय याच लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशूच्या जन्माच्या वेळी 'उतारशाळेत' जागा नव्हती. ज्याला उतरायला जागा मिळाली नाही, तोच आता दुसऱ्याकडे उतरायला निघालाय. नव्या भाषांतरात 'राहायचे आहे' आलं की हा धागा तुटतो. आता वचनांचा क्रम पाहा. घरी येतो असं येशू पाचव्या वचनात सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेलं चौपट परत, हा जक्कयाचा हिशेब आठव्या वचनात येतो. पाहुणा आधी आला, वही नंतर उघडली. घरोघरी हा उतारा उलटा शिकवला जातो: आधी सुधार, मग देव येईल. क्रमांकावर बोट ठेवून वाचलं तर ती चूक होत नाही.

मार्क १:१५ मधल्या 'पश्चात्ताप करा' या शब्दाचंही इथेच लक्षात येतं. मराठीत पश्चात्ताप म्हणजे मनाला लागलेली टोचणी, डोळ्यांत पाणी. मूळ ग्रीक 'मेटानोइया'त मन बदलून वळणं आहे. जक्कय रडल्याचं लूकनं कुठेही लिहिलेलं नाही. तो पैसे परत करायला निघाला. या शब्दापुढे 'वळा' असं लिहून ठेवावं.

दुसरा उतारा मत्तय २०, येशूनं सांगितलेली द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट. इथे हा पाठ चांगलाच फसतो. दीनारचं भाषांतर 'रुपया' झालंय. दिवसभर उन्हात राबून एक रुपया म्हटल्यावर शाळकरी पोरं हसतात, आणि गोष्टीतली धार गेलीच. दीनार म्हणजे एका मजुराचा एक रोज. 'रुपया' खोडून 'रोज' लिहा आणि गोष्ट नाक्यावर नेऊन ठेवा. उजाडताच काही जण कामाला लागले. मग तिसरा, सहावा, नववा तास, म्हणजे सकाळचे नऊ, दुपारचे बारा आणि तीन. शेवटी अकरावा तास, संध्याकाळचे पाच. तेव्हाही काही जण नाक्यावरच उभे, कारण कुणी कामाला लावलंच नाही. पगार वाटताना सुरुवात त्यांच्यापासून, आणि त्यांनाही पूर्ण रोज. पहिल्यांचा रोज एक पैशानंही कापलेला नाही, तरी ते कुरकुरतात. कृपा या शब्दाची व्याख्या करत बसण्यापेक्षा हा पगारवाटप एकदा नीट वाचावा. संध्याकाळी पाचला उभ्या राहिलेल्या माणसाच्या घरीही चूल पेटायची असते.

तिसरा, प्रभूची प्रार्थना, मत्तय ६:१२. अनेकांना 'अपराध क्षमा कर' हे शब्द पाठ असतात. या पाठात 'ऋण' आहे, आणि मूळ ग्रीकमध्येही ऋणच. इथे आर.व्ही.ला पूर्ण गुण. क्षमा हा शब्द तोंडातून सहज निघतो. ऋण सोडायचं म्हटलं की आकडा समोर येतो. तो आकडा मत्तय १८ मध्ये येशूनं सांगितलेल्या गोष्टीत आहे. चाकराचं राजाकडे दहा हजार तालांतांचं देणं. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, म्हणजे एकूण सहा कोटी दिवसांची मजुरी. ते माफ झाल्यावर तोच चाकर बाहेर येऊन सोबत्याचा गळा धरतो, शंभर दीनारांसाठी. शंभर रोज ही काही लहान रक्कम नाही, तीनसाडेतीन महिन्यांची कमाई आहे, हेही लक्षात ठेवावं. भावकीतल्या जागेचा वाद किंवा सोसायटीतलं भांडण मनात धरून ही प्रार्थना म्हणून पाहावी. 'ऋण' शब्दाशी जीभ अडखळते, आणि तिथे अडखळणं योग्यच आहे.

पौलानं पहिल्या मंडळ्यांना लिहिलेल्या पत्रांत मात्र हा पाठ जड होतो. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात 'नीतिमान ठरणे' येतं आणि ते न्यायालयातल्या निकालाचे शब्द आहेत हे कळायला मार्ग नाही. वाचकाला वाटतं माणूस सद्गुणी झाला. पौल सांगतोय की निकाल त्याच्या बाजूनं लागला. इथे सी.एल. (कॉमन लँग्वेज, म्हणजे सामान्य भाषा) हा सोपा पाठ शेजारी ठेवावाच. यूव्हर्जनच्या मोफत ॲपमध्ये आर.व्ही., सी.एल. आणि आय.आर.व्ही. (इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन) हे मराठी पाठ आहेत. वचनावर बोट ठेवून तुलना करता येते. सोप्या मराठीचा आग्रह काही आजचा नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते याच आग्रहातून.

सुरुवात उत्पत्तीपासून, म्हणजे पहिल्या पुस्तकापासून, करू नये. लेवीय हे नियमांचं तिसरं पुस्तक आलं की वाचन थांबतं. मत्तयपासूनही नको, पहिली सतरा वचनं वंशावळीची आहेत. मार्क घ्या: सोळा अध्याय, मोठ्यानं वाचायला दीड ते दोन तास. ठाणे-पनवेल ट्रान्स हार्बरच्या एका जाण्यायेण्यात जवळजवळ संपतो. नंतर लूक (२४ अध्याय), योहान (२१), मत्तय (२८). रोज एक अध्याय धरला तर चारही मिळून ८९ दिवस. वाचताना येशूनं केलेल्या क्रियापदांखाली एक रेघ, त्यानं मागितलेल्या क्रियापदांखाली दोन. पहिल्या रेघा किती जास्त पडतात ते आठवड्याभरात दिसेल.

रेघांसाठी मऊ पेन्सिलच वापरा. या कागदावर जेल पेन पलीकडे उतरतं आणि हायलायटरनं मागच्या पानावरची वचनंही पिवळी होतात. ठाण्याच्या पावसाळ्यात पानांना दमट वास धरतो, रेक्झिनचं कव्हर कडेनं सोलायला लागतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं तर बुरशी लवकर येते. कपाटात उभं, दोन पुस्तकांमध्ये थोडी हवा खेळेल असं ठेवावं. भिजलंच तर दर दहाबारा पानांमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली ठेवायचं, इस्त्री फिरवायची नाही. आणि रबरबँड लावू नका, दोन महिन्यांत कडेची पानं कापली जातात.