नवीन डिस्क, नवीन पॅड आणि पहिला अर्धा तास: एक पावसाळा आणि घाट काढल्यानंतरचा अनुभव

माझ्या हॅचबॅकच्या पुढच्या ब्रेकच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकड्या) आणि पॅड (त्यांना दोन्ही बाजूंनी दाबणारे ठोकळे) गेल्या उन्हाळ्यात एकदमच बदलून घेतले. त्यानंतर गाडीनं गगनबावड्याचा पाऊस, फोंडा घाट आणि उसाचा हंगाम असं सगळं काढलंय, म्हणून आता खात्रीनं लिहितोय. ब्रेक आज पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो. पार्ट चांगला आहेच, पण बसवल्यावर पॅड सेट करायला दिलेला वेळ मला तेवढाच महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

जुन्या डिस्कचं दुखणं ओळखीचंच होतं. हायवेला ऐंशीच्या पुढं ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं आणि पॅडल पायाखाली हलायचं. ज्याला दाखवावं तो म्हणायचा, "डिस्क वाकली." खरं म्हणजे डिस्क अशी सहसा वाकत नाही. पॅडचा माल तापून तिच्यावर कुठं जाड, कुठं पातळ चिकटतो, किंवा डिस्क हबवर (चाक आणि डिस्क जिथं बसतात तो मधला भाग) किंचित तिरकी बसलेली असते आणि फिरता फिरता एका जागी जास्त झिजते. मग दर फेऱ्याला पॅड त्या उंचवट्यावर येतो आणि धक्का स्टेअरिंगपर्यंत पोचतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फेस मारून, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग कातून सपाट करून मिळतो, पण किमान जाडी किती हवी ते डिस्कवरच लिहिलेलं असतं. माझ्या डिस्क फेस मारल्यावर त्याच्या खाली गेल्या असत्या, म्हणून नव्याच घेतल्या.

सेट करणं म्हणजे नेमकं काय, हे कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. डिस्क बिडाची असते, म्हणजे आपल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना रोजचा असलेला माल. नवा पॅड तिच्यावर नुसता घासतो. तो हळूहळू आणि सारखा तापवला की त्याच्या मालाचा अगदी पातळ थर डिस्कवर सगळीकडं एकसारखा बसतो. पुढं बरंचसं ब्रेकिंग या थरावरच होतं. थर सारखा बसला तर ब्रेक गुळगुळीत लागतो, चट्ट्याचट्ट्यांनी बसला तर नव्या डिस्कलाही काही महिन्यांत जुनीचंच दुखणं लागतं.

बसवताना मी शेजारी उभा होतो. दोन गोष्टी आग्रहानं करून घेतल्या. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं पूर्ण काढला, आणि नव्या डिस्कवरचं गंज न लागण्यासाठी लावलेलं तेल ब्रेक क्लीनरनं पुसलं. चाकाचे नटही आडवेतिडवे, सारखे आवळले. गाडी हलवायच्या आधी पॅडल घट्ट लागेपर्यंत पंप करायचं हे विसरू नका. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बसवताना मागं ढकललेला असतो, त्यामुळं पहिल्यांदा पॅडल थेट तळाला जातं.

मिस्त्री म्हणाले, "साहेब, दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, आपोआप सेट होतंय." काही पॅडच्या पाकिटावर हेच लिहिलेलं असतं, आणि तसं असेल तर तसंच करावं. माझ्या पॅडसोबतच्या कागदात तापवून सेट करायची पद्धत दिली होती. ती भल्या पहाटे पंचतारांकित एमआयडीसीच्या रिकाम्या सरळ रस्त्यावर केली. मागं कुणी नाही हे आरशात बघून ५०-६० च्या वेगावरून मध्यम दाबानं ब्रेक लावत १० पर्यंत यायचं, पण थांबायचं नाही. पुन्हा वेग घ्यायचा, मध्ये डिस्कला अर्धा मिनिट वारा लागू द्यायचा. असं आठ-दहा वेळा. एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागेल इतकं जोरात दाबायचं नाही. शेवटी शेवटी जळका वास येतो, त्याला घाबरू नये. नंतर दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवत ठेवायची. सगळ्यात जपायचं ते इथं: तापलेल्या डिस्कवर पॅडल दाबून उभं राहिलं तर पॅडचा ठसा त्या जागी उमटतो.

खरी परीक्षा करूळ घाटात झाली. हिशेब करून बघा. १००० किलोची गाडी ६० च्या वेगावरून थांबवताना साधारण १४० किलोज्यूल उष्णता तयार होते. तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आली की ४९०० किलोज्यूल, म्हणजे तशा ३५ थांब्यांइतकी. म्हणून घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा, बराच भार इंजिन घेतं. एवढं करून भर पावसात उतरलो तेव्हा पॅडल शेवटच्या वळणापर्यंत तसंच घट्ट होतं, थरथर नव्हती. खाली आल्यावर डिस्कवर लगेच पाणी मात्र मारू नका.

हंगामात कागलच्या बाजूला रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, कित्येकींना मागं रिफ्लेक्टरही नसतो. अशी एक ट्रॉली अचानक पुढं आली, तेव्हा गाडी सरळ रेषेत, कुठंही न ओढता थांबली. घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या माणसाला याहून जास्त काय पाहिजे?

तक्रारीही आहेत. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस गंज धरतो आणि पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात. नंतर तो निघून जातो. ओल्या सकाळी रिव्हर्समध्ये बारीक चीं आवाज येतो. पुढच्या चाकांवर काळी धूळ जुन्या पॅडपेक्षा जास्त बसते, दर आठवड्याला धुवायला लागते. दाजीपूरकडच्या तांबड्या चिखलानंतर एका बाजूची स्लायडर पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) जड झाली होती, ती साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं.

ब्रेक ऑईलही त्याच वेळी बदलून घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं. कोरडं असताना डॉट ४ दर्जाचं ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत उतरते, आणि घाटात नेमका तोच फरक पॅडलला जाणवतो. माझं दोन वर्षांनी पुन्हा बदलायचं आहे, पॅडची जाडी मात्र प्रत्येक सर्व्हिसिंगला चाक काढून स्वतः बघतो. ३ मिलीमीटरवर आले की नवीन जोडी घालणार, आणि डिस्क जाडीत बसत असतील तर त्याच ठेवून पॅड पुन्हा असेच सेट करणार.